टीटर-टॉटर वॉल

टीटर-टॉटर वॉल ही अमेरिका-मेक्सिको सीमेवरील पोलादी कुंपणात २८ जुलै २०१९ रोजी उभारण्यात आलेली तीन सी-सॉंची तात्पुरती कलाकृती होय. वास्तुरचनाकार रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सॅन फ्रातेलो यांनी कोलेक्टिवो चोपेके या मेक्सिकोतील गटाच्या साहाय्याने ती साकारली. सीमेच्या एका बाजूस न्यू मेक्सिको राज्यातील सनलँड पार्क, तर दुसऱ्या बाजूस सिउदाद हुआरेझ हे शहर आहे.

पार्श्वभूमी

सुमारे ३,१४५ किलोमीटर लांबीच्या या सीमेवर कुंपण घालण्यास २००६ च्या सिक्युअर फेन्स कायद्याने वेग आला. एकाच भूभागातील वस्त्या त्यामुळे दुभंगल्या. राएल व सॅन फ्रातेलो यांनी २००९ मध्ये सी-सॉची मूळ कल्पना रेखाटली; ती प्रत्यक्षात येण्यास दहा वर्षे लागली. मधल्या काळात, २०१७ मध्ये, राएल यांचे ‘बॉर्डरवॉल अ‍ॅज आर्किटेक्चर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

रचना

कुंपणाच्या उभ्या पट्ट्यांमधील फटींतून गुलाबी रंगाच्या लांब दांड्या आरपार घालण्यात आल्या. प्रत्येक दांडीचे एक टोक अमेरिकेत, दुसरे मेक्सिकोत. शालेय विज्ञानातील तरफेचेच हे उदाहरण असून, टेकूची जागा येथे खुद्द कुंपणाने घेतली. सी-सॉवर एकट्याने खेळता येत नाही, आणि पलीकडच्या व्यक्तीने अचानक पाय काढून घेतला तर अलीकडची व्यक्ती आदळते. दोन देशांचे परस्परावलंबन सांगण्यासाठी याहून सोपे साधन क्वचितच सापडेल. गुलाबी रंग हुआरेझमध्ये हत्या झालेल्या स्त्रियांच्या स्मारकांवरून घेतलेला आहे. तेथे त्यांच्या स्मरणार्थ गुलाबी क्रूस उभारले जातात.

प्रत्यक्ष वापर

पूर्वपरिचय नसलेली मुले व मोठी माणसे दोन्ही बाजूंनी सी-सॉवर बसली. दोन्ही देशांचे सुरक्षारक्षक तेथे आले, मात्र त्यांनी खेळ थांबवला नाही. तासाभराच्या आतच सी-सॉ काढून घेण्यात आले. चित्रफिती मात्र समाजमाध्यमांवरून जगभर पोहोचल्या.

पुरस्कार

लंडनच्या डिझाइन म्युझियमचा ‘बीझली डिझाइन्स ऑफ द इयर’ हा २०२० चा सर्वोच्च पुरस्कार या कलाकृतीस मिळाला. त्याची घोषणा जानेवारी २०२१ मध्ये झाली. तिची नोंद ‘वाहतूक’ या विभागात होती. खेळणाऱ्यांपैकी कोणीही सीमा ओलांडली नव्हती, हे लक्षात घेता ही वर्गवारी काहीशी गमतीची ठरते.