पायाखालचं बेट: साष्टी, धारावी आणि एक डोंगर

बेटावर फिरायला जायचं म्हटलं की आपल्या डोक्यात अंदमान येतं, लक्षद्वीप येतं, परवडत असेल तर बाली. भाईंदर पश्चिमेच्या मोरव्यात राहणारा माणूस मात्र रोज सकाळी बेटावरच उठतो आणि त्याला ते जाणवतही नाही. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि इकडे ठाण्यापर्यंतचा सगळा भाग म्हणजे साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला समुद्र. पूल झाले, १८६० च्या दशकात विरारपर्यंत रेल्वे गेली आणि पाण्याची हद्द लोकांच्या मनातून पुसली गेली.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, किंवा गाईडने ‘टॉपिक शोधून ये’ म्हणून परत पाठवलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी. इतिहासाचे कागद मी उशिरा उघडले, त्यामुळे माझी सवय आधी जागा बघायची आणि मग कागद वाचायची. तुमची सवय उलटी असली तरी चालेल, पण दोन्ही करा.

सुरुवात नावापासून. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. परळला सापडलेल्या इ.स. ११८७ च्या शिलाहार राजा अपरादित्याच्या शिलालेखात ‘षट्षष्टी’ हा प्रदेश येतो, म्हणजे हे नाव पोर्तुगीज येण्याच्या साडेतीनशे वर्षं आधीपासून रुळलेलं होतं. आता गंमत बघा. गोव्यातही साष्टी आहे आणि तिच्या नावाचा अर्थही सहासष्ट गावं असाच सांगतात. पोर्तुगीजांनी दोन्हींचं नाव जवळपास सारखंच लिहिलं. त्यामुळे कॅटलॉगमध्ये नुसतं ‘साल्सेत’ शोधलंत तर मडगावचे कागद आणि मालाडचे कागद एकाच ढिगात समोर येतात. उपाय साधा आहे. कागदात शेजारचं गाव कोणतं आलंय ते बघायचं. वसई, ठाणे, कारंजा दिसलं तर आपलं. मडगाव, राशोल दिसलं तर त्यांचं.

धारावीचं तर याहून अवघड. धारावी म्हटलं की कुणालाही सायन-माहीममधली वस्तीच आठवते. पण अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत, वसईच्या मोहिमेच्या संदर्भात ‘धारावी’ आलं की ते आपल्याकडचं: उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरीचा पट्टा. मनोरीची खाडी मध्ये असल्यामुळे तो साष्टीपासून वेगळा, धारावी बेट म्हणूनच ओळखला जायचा. मुर्धा, राई, मोरवा ही गावं त्याच्या उंबरठ्यावर, मिठागरं आणि भातशेतीच्या सखल पट्ट्यात बसलेली. आगरी समाजाचं नावच मिठाच्या आगरावरून आलं असं मानतात, आणि इथली जमीन बघितली की ते पटतं.

या धारावीचा किल्ला चौक गावाजवळ, वसईच्या खाडीच्या तोंडावर आहे. किल्ला म्हणून फार काही उरलेलं नाही. आता तिथे चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. पण तिथे उभं राहून उत्तरेकडे बघा. समोर वसईचा किल्ला. मध्ये फक्त पाणी. पुस्तकात ‘धारावीचे सामरिक महत्त्व’ असं वाक्य पाच वेळा वाचून जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं. वसईला समुद्राकडून येणारी रसद या तोंडातून जाणार. दक्षिण काठ ज्याच्या हातात, त्याच्या तोफा त्या वाटेवर. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणं आणि साष्टी मराठ्यांनी घेतली, पण वसई मे १७३९ पर्यंत पडली नाही. मधल्या काळात धारावी हातातून गेली, परत घ्यावी लागली; ती शेवटची मराठ्यांकडे आली मार्च १७३९ मध्ये आणि दोनेक महिन्यांनी वसई शरण आली. धारावी पडली म्हणून वसई पडली असं मी म्हणणार नाही. मुख्य कारण वेढा आणि सुरुंग हेच. पण क्रम लक्षात ठेवा. सरदेसायांनी संपादित केलेली ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ही मालिका आणि य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ ग्रंथालयात मिळतात. ती वाचायची तर नकाशा शेजारी ठेवून.

आता डोंगराकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

महाराष्ट्रातला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, हे शाळेत पाठ झालेलं असतं. डोंगरीला मात्र फिकट रंगाचा रायोलाइट आणि ज्वालामुखीच्या राखेचा दगड आहे, गोराई-मनोरीकडे ट्रॅकाइट. दख्खनचा मुख्य लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर डोंगरीच्या रायोलाइटचं वय आर्गॉन पद्धतीने सुमारे सव्वासहा कोटी वर्षं आलंय. म्हणजे सह्याद्रीतला मोठा उद्रेक थंडावल्यानंतरही इथे ज्वालामुखी जिवंत होता. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ही जागा माहीत आहे. भाईंदरच्या किती शाळांच्या सहली तिथे जातात, तुम्हीच सांगा.

आणि इथेच इतिहासाचा एक चांगला प्रश्न निघतो. जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च, बांधकाम १५९४ ते १६०५. मूळ दगड जांभा, पण खांब आणि कोरीवकाम वसईहून आणलेल्या बेसाल्टचं. ‘वसईहून’ म्हणजे बंदर कळलं, खाण कुठली? खाडीच्या कुठल्या काठाची? दगडाची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते, रासायनिक घटक मोजून ते खाणीच्या नमुन्यांशी ताडता येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने भूशास्त्राच्या विभागाचं दार ठोठावलं तर यात अख्खा प्रबंध आहे.

पण त्यासाठी डोंगर जागेवर असायला हवा. मेट्रो ९ चा कारशेड आधी राई-मुर्धा-मोरव्यात ठरला होता. गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो डोंगरीला सरकला. तिथल्या हजारो झाडांवरून वाद झाला, बातम्या आल्या. झाडांबद्दल लोक बोलले हे बरंच झालं. दगडाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. मेट्रो मलाही हवी आहे, भाईंदरची गर्दीची लोकल मीही पकडतो. पण झाड दुसरीकडे लावता येतं. सव्वासहा कोटी वर्षांचा थर कापला गेला की तो दुसरीकडे लावता येत नाही. निदान कापण्याआधी मोजमाप, फोटो आणि नमुने व्हावेत, एवढं तरी मागता येईल.

वेळ उरला तर बोरिवलीला मंडपेश्वर बघा: शैव लेणं, त्याचं पोर्तुगीजांनी केलेलं चर्च, मराठ्यांनंतर परत देऊळ. भिंतीवरचा कोरलेला क्रूस शोधा आणि त्याच्याखाली काय होतं याचा अंदाज करा. नायगाव-भाईंदरच्या जुन्या रेल्वे पुलांमधलं पाणजू बेट लोकलच्या दारातून सगळेच बघतात. उतरून होडीने जाणारे कमी.

चौकला जायचं तर भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडा, शक्यतो हिवाळ्यात आणि ओहोटीची वेळ बघून, म्हणजे किनाऱ्यावरचे खडकही दिसतील. फोटोत मापासाठी पट्टी किंवा पेन ठेवा, जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. किल्ल्याच्या दगडाला हातोडी लावू नका. गावात कुणी ‘कशाला आलात?’ विचारलं तर नीट बसून सांगा. कुठल्या शेताचं नाव काय आणि कुठली वाट पूर्वी होडीची होती, हे त्यांना माहीत असतं.