देवळालीकरांची शाळा

दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे नाव महाराष्ट्रातल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या सहसा कानावर पडत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे मात्र थोरामोठ्यांत घेतली जातात: नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर. एका संस्थानी गावातल्या एका मास्तरांकडे हे चौघे शिकले. ती शाळा म्हणजे इंदूरची चित्रशाळा.

शाळा सुरू झाली १९२७ साली. तो काळ इंदूरला धामधुमीचा होता. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांना आदल्याच वर्षी गादी सोडावी लागली होती आणि वारस यशवंतराव अजून अज्ञान होते. अशा वेळी संस्थानात चित्रकलेची शाळा निघाली आणि टिकली, याचे श्रेय मुख्यतः देवळालीकरांचे. १८८४ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची तालीम. शाळा हाती घेतली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. रेखांकनाची शिस्त ते मुंबईहून घेऊन आले. पुढची परीक्षाही मुंबईचीच. इंदूरची मुले अभ्यास इथे करायची आणि डिप्लोमाच्या परीक्षेला मुंबईला जायची. बेंद्रे असेच १९३३ मध्ये डिप्लोमा झाले.

एवढ्यावर थांबले असते, तर ती परीक्षेला मुले बसवणारी एक चांगली शाळा ठरली असती. पण देवळालीकरांच्या शाळेत उघड्यावर जाऊन निसर्गचित्र करण्याला फार मोठे स्थान मिळाले. माळव्याचे ऊन, काळी माती, नदीचे घाट, जुन्या वाड्यांच्या भिंती हाच मुलांचा अभ्यास. त्या काळी मुंबईत जलरंग म्हटला की पारदर्शक, पातळ, हळुवार थर देण्याची इंग्रजी वळणाची रीत मानाची होती. इंदूरच्या मुलांच्या कागदावर दिसू लागले ते वेगळेच: अपारदर्शक जाड रंग, रुंद कुंचल्याचे चौकोनी फटकारे, सावलीतही काळ्याऐवजी निळा-जांभळा रंग आणि बारीकसारीक तपशिलाला फाटा. पुढे रसिक यालाच ‘इंदूरचे वळण’ म्हणू लागले. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की मास्तर स्वतः अकादमिक शिस्तीत वाढलेले असूनही मुलांनी ती ओलांडली, तेव्हा त्यांनी हात आखडला नाही. शिक्षकाला हे फार जड जाते.

बेंद्रे या शाळेच्या पहिल्या फळीतले. इंदूरच्या मराठी घरात १९१० साली जन्मलेले. १९३४ मध्ये त्यांच्या ‘व्हॅगाबाँड’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले आणि इंदूरकडे मुंबईचे लक्ष गेले. हुसेन पंढरपूरचे, पण वाढले इंदुरात. काही काळ तेही या शाळेत येत होते. नंतर मुंबईला जाऊन सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरले, हे सर्वश्रुत आहे.

याच वर्षांत गादीवर आलेल्या यशवंतरावांनी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून माणिकबाग महाल सजवून घेतला आणि ब्रांकुसीची शिल्पे विकत घेतली. युरोपातली अगदी ताजी कला राजाच्या महालात येत होती. त्याच शहरातली पोरे कागद-पाट घेऊन उन्हात बसत होती आणि आपल्या वाटेने नव्याकडे चालली होती. माझ्या मते इंदूरचे खरे वैभव या दुसऱ्या बाजूला होते.

आम्हा नागपूरकरांना ही वाटचाल जवळची वाटायला हवी. मुंबई दोघांनाही लांबच. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, तर इंदूर मध्य भारतात. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, पण चित्रकार म्हणून घडले ते मुंबईत, जे. जे.त. बेंद्रे इंदुरात जन्मले आणि त्यांचा पायाही इंदुरातच घातला गेला. गावात देवळालीकरांसारखा माणूस असणे आणि नसणे यात एवढे अंतर पडते. आज नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला, महाराजबाग, फुटाळा, वैशाखातले ते पांढरेफटक ऊन, सारे हाताशी आहे. बर्डीच्या गर्दीत पाट मांडून बसलेला विद्यार्थी दिसला की मला इंदूर आठवते. त्याच्या मागे उभा राहणारा मास्तर कसा आहे, यावर पुढचे बरेच काही ठरते.

देवळालीकरांचे वळण पुढे कुठे कुठे गेले पाहा. १९५० मध्ये बडोद्यात ललित कला शाखा सुरू झाली आणि बेंद्रे तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, पुढे अधिष्ठाताही. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख ही त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे. त्यांनीही शिष्यांवर आपली शैली लादली नाही. जोशींनी नर्मदाकाठ सोडला नाही; महेश्वरचे घाट त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. चिंचाळकर तर ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखले गेले. वाळकी पाने, काटक्या, फेकून दिलेल्या वस्तू यांतून ते मुलांना आकार पाहायला शिकवत. देवासचे कुमार गंधर्व, पत्रकार राहुल बारपुते, रंगकर्मी बाबा डिके आणि हे गुरुजी यांचे मैत्र माळव्यातल्या मराठी मंडळींत अजून जिव्हाळ्याने सांगितले जाते.

देवळालीकरांना चौऱ्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. ते १९७८ मध्ये गेले. बेंद्रे यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. हुसेन जगभर गाजले. त्या मानाने मास्तरांची स्वतःची चित्रे आज फार कमी लोकांनी पाहिलेली असतात, याची खंत वाटते. त्यांचे नाव इंदूरने एका कलादालनाला दिले आहे. देवळालीकर कला वीथिकेत आजही प्रदर्शने भरतात.