अँबेसेडर, फियाट, हेराल्ड आणि आपल्याकडे न झालेली स्पोर्ट्स कार



बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय आहे. कुठलीही गोष्ट समोर आली की तिची व्याख्या काय आणि ती कुठल्या खात्यात बसते हे आधी बघायचं. तुलसी नगरच्या आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत मागे एकदा विषय निघाला. एकाच्या नातवाने नवी मोठी एसयूव्ही घेतली आणि तिच्या पाठीवर 'स्पोर्ट' असा बिल्ला आहे. मग ही स्पोर्ट्स कार म्हणायची का? कुणी म्हणालं, वेगाने पळते ती स्पोर्ट्स कार. कुणी म्हणालं, दोनच सीट असतात ती. कुणी म्हणालं, महाग असते ती. आर.टी.ओ.च्या कार्डावर बघावं तर तिथे असा वर्गच नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात मारुती ८०० काय आणि फेरारी काय, दोन्ही हलकी मोटार वाहनंच.

या प्रश्नाचं उत्तर मला परदेशी गाड्यांपेक्षा आपल्या लहानपणीच्या तीन गाड्यांत जास्त चांगलं सापडलं. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

आधी आपल्या भागातली राजेशाही गोष्ट. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे), माणिकबाग राजवाडा बांधवून घेणारे, यांना मोटारींची जबर हौस. त्यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात ड्यूसेनबर्ग एसजे नावाची अमेरिकन गाडी घेतली. इंजिन आणि सांगाडा अमेरिकेचा, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्यात बनवलेली. आठ सिलिंडरचं, सुमारे सात लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर. कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करायची. तशी गाडी त्या काळी युरोपातही क्वचित दिसायची. तेव्हा माळव्यात स्पोर्ट्स कार नव्हती असं नाही. होती, पण ती राजाकडे होती. ही हौस साध्या नोकरदार माणसाच्या आवाक्यात कधी आली का, हा खरा प्रश्न.

इंग्लंडमध्ये आली, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ऑक्सफर्डला मॉरिस गॅरेजेस नावाचं मॉरिस गाड्यांचं दुकान होतं. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिसवर हलकी, बुटकी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. तीच एमजी. १९२८ साली त्यांची 'मिजेट' लोकांपुढे आली, ती मॉरिस मायनर या छोट्या कौटुंबिक गाडीवर आधारलेली होती. म्हणजे जास्त पैसे ओतून नवं काही केलं नाही. होतं त्यातलंच वापरलं, वजन कमी केलं, बैठक खाली आणली. जर्मनीच्या पोर्शेची १९४८ची पहिली ३५६ ही फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर उभी राहिली. इटलीतल्या फेरारीचा मार्ग वेगळा. त्यांनी १९४७च्या पहिल्याच गाडीत बारा सिलिंडरचं स्वतःचं इंजिन बसवलं, पण ते फक्त दीड लिटरचं! आपल्या अँबेसेडरच्या इंजिनाएवढंच.

आता अँबेसेडरचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातल्या गोष्टीकडे येतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरं १ नोव्हेंबर १९५६ नंतर भोपाळला आली. राजधानी नागपूरहून इथे हलली, वडील मंडळी फायली आणि ट्रंका घेऊन आली, पुढे बारासौ पचासला नाहीतर शिवाजी नगरात क्वार्टर मिळालं. आपण ज्या गाड्या बघत मोठे झालो त्या तीनच. वल्लभ भवनासमोर रांगेने उभ्या पांढऱ्या अँबेसेडर, व्यापारी आणि वकिलांच्या फियाट, आणि एखाद्या डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड. आमच्या ओळीच्या मागे एका डॉक्टरांची हेराल्ड होती. तिचं अख्खं बॉनेट चाकावरच्या पत्र्यांसकट पुढच्या बाजूला उघडायचं, आणि ते उघडलं की आम्ही पोरं खेळ सोडून बघायला जायचो. अरुंद गल्लीत ती एका दमात वळायची. फियाटवाले दोनदा मागेपुढे करायचे.

या तिन्ही गाड्यांची परदेशात एक एक स्पोर्ट्स भावंडं होती, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर वाचताना कळलं.

अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी. तिच्यात कित्येक वर्षं १४८९ सीसीचं बीएमसी कंपनीचं 'बी सिरीज' इंजिन होतं. याच जातीचं, याच मापाचं इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. तिथे त्याला दोन कार्ब्युरेटर होते आणि ते ७० अश्वशक्तीच्या आसपास द्यायचं. आपल्याकडे ते साधारण पन्नासवर समाधानी होतं.

फियाट बनायची मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीत. नाव ११०० डिलाइट असो, प्रेसिडेंट असो की १९७४ नंतरचं पद्मिनी, इंजिन १०८९ सीसीचं. या इंजिनाच्या पूर्वजावर इटलीत १९४७ साली सिसितालिया २०२ नावाची गाडी बनली, तेवढ्याच १०८९ सीसीची. बॉडी पिनिन फारिना यांची. १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात निवडलेल्या आठ गाड्यांत ही एक होती. पुढे म्युझियमने ती कायमची संग्रहात ठेवली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या इंजिनाचा हा सख्खा नातलग, मंडळी!

तिसरी हेराल्ड, मद्रासची, १९६१पासून. मूळ इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचा सांगाडा बॉडीपासून वेगळा होता, म्हणून ट्रायम्फने काम सोपं केलं. तो सांगाडा आठ-साडेआठ इंचांनी आखूड केला, वर दोन माणसांची बुटकी बॉडी बसवली, आणि १९६२ साली स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. दोन्ही गाड्यांचं रूप मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाने काढलेलं. इंजिन दोन्हीकडे ११४७ सीसी. हेराल्डमध्ये एका कार्ब्युरेटरवर ३९ अश्वशक्ती, स्पिटफायरमध्ये दोन कार्ब्युरेटरवर ६३. आणि बॉनेट? तसंच अख्खं पुढे उघडणारं.

इथे व्याख्येचा हिशेब लागतो. इंजिन तेच असेल तर फरक कशात? स्पोर्ट्स कार सुरुवातीलाच एका प्रश्नावर बेतलेली असते : चालवणाऱ्याला गाडी कशी वाटावी? कुटुंबाची गाडी विचारते, किती माणसं, किती सामान, खड्ड्यात किती उंच. म्हणून स्पोर्ट्स कार बुटकी, कारण वजन जमिनीजवळ असलं की वळणावर गाडी कलंडत नाही. ती हलकी, कारण हलकी गाडी थोड्या ताकदीतही चपळ पळते, लवकर थांबते, लवकर वळते. स्टीअरिंग नेमकं, गिअर जवळजवळचे, आणि डिकी नावापुरती. लोटसचे कॉलिन चॅपमन तर आयुष्यभर वजन कमी करण्याच्याच मागे होते. नुसता वेग हे लक्षण नाही. आजची साधी डिझेल गाडीसुद्धा सरळ रस्त्यावर जुन्या एमजीएला मागे टाकेल. दोन सीट हेही पक्कं लक्षण नाही, कारण पोर्शे ९११ला मागे दोन छोट्या सीट आहेत. किंमत तर मुळीच नाही. जपानच्या माझदाची एमएक्स-५ १९८९पासून बनते आहे, दहा लाखांहून जास्त बनल्या, आणि ती श्रीमंतांची गाडी म्हणून कधीच ओळखली गेली नाही. लांबच्या प्रवासासाठी आरामशीर आणि वेगवान असते ती ग्रँड टूरर, आणि १९६६च्या लँबोर्गिनी मिउराच्या वळणाची, इंजिन मध्यभागी असलेली, अफाट ताकदीची ती सुपरकार. ही सगळी चुलत घराणी. उंच एसयूव्हीला बिल्ला लावून या घराण्यात घेता येत नाही.

मग आपल्याकडे इंजिनं तिन्ही, कारागीर भरपूर, तरी एकही स्पोर्ट्स कार का नाही झाली?

लोक म्हणतात, आपण गरीब होतो. अर्धंच खरं. महायुद्धानंतर इंग्लंडही परकीय चलनासाठी हवालदिल होतं. तिथल्या सरकारने कारखान्यांना सांगितलं, निर्यात कराल तर पोलाद मिळेल. एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार यांनी स्पोर्ट्स कार जहाजात भरून अमेरिकेला पाठवल्या. एमजीए एक लाखाहून थोड्या जास्त बनल्या, त्यातल्या बहुतेक सगळ्या देशाबाहेर विकल्या गेल्या. तिथे स्पोर्ट्स कार डॉलर मिळवणारी होती. आपल्याकडे तीच डॉलर खाणारी चैन ठरली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर ठरलं की गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवणाऱ्यांनाच परवानगी. १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली बंद करून गेली. उरले ते मोजके कारखानदार, लायसन्सच्या आकड्याने बांधलेले, आणि त्यांच्या दारात वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. जी गाडी बनवाल ती विकली जाणारच असेल, तर दुसरी नवी गाडी बनवायची गरज कुणाला?

आमच्या बँकेतही हेच वारं. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर कर्ज कशासाठी, हा पहिला प्रश्न असायचा. टॅक्सीला, टेम्पोला कर्ज द्यायला आम्ही पुढे, कारण ते उत्पादक काम. मी स्वतः अशी कर्जं केली आहेत आणि त्यातून घरं उभी राहिलेली बघितली आहेत. हौसेच्या गाडीचा अर्ज घेऊन कुणी आलाच नाही. आला असता तर कुठल्या फॉर्मवर लिहायचा हाही प्रश्नच होता.

हे धोरण सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच काळात आपल्या पिपलानीला इंग्रजांच्या ए.ई.आय. कंपनीच्या मदतीने हेवी इलेक्ट्रिकल्स उभी राहिली. देशाला टर्बाइन आधी हवी होती हे खरंच आहे. आणि इंग्रजांचंही पुढे काय झालं? एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला. आज एमजी हे नाव चिनी कंपनीच्या मालकीचं आहे आणि तिच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. पण एक गोष्ट मात्र मनाला लागते. आपण हौस आणि उद्योग यांना एकमेकांचे शत्रू मानलं. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर लोक हेराल्ड आणि फियाट घासूनपुसून शर्यतीत पळवतच होते. कसब होतं, फक्त कारखान्यापर्यंत पोहोचायला वाट नव्हती.

वाट उघडल्यावर काय झालं बघा. १९९८ साली गोव्यातून सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी आली, फायबरची बॉडी, इंजिन रेनोचं. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने जुन्या लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली. तिच्यात इंजिन कुठलं? इसुझूचं १.८ लिटर, जे शेवटच्या काळातल्या अँबेसेडरमध्ये होतं. म्हणजे किंबरने मॉरिसवर जे केलं ते अलिबागला अँबेसेडरच्या इंजिनावर झालं, कित्येक दशकांनी! मुंबईच्या डीसीची अवंती २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिसली, तिलाही पुढे रेनोचंच इंजिन. टाटांनी २०१७ साली जिनिव्हाला रेसमो दाखवली, ती मात्र बाजारात आलीच नाही. यातली एकही गाडी मोठ्या संख्येने खपली नाही, कारण तोवर जगातल्या कंपन्या दारात आल्या होत्या आणि आपल्या गाठीशी पन्नास वर्षांचा सराव नव्हता.

दुसरीकडे पैसा आला. टाटांनी २००८ साली जॅग्वार विकत घेतली. महिंद्रांनी २०१५च्या डिसेंबरात पिनिनफारिना घेण्याचा करार केला. हो, तेच घराणं, ज्याने आपल्या फियाटच्या इंजिनावर सिसितालियाची बॉडी चढवली होती. त्याच नावाची १९०० अश्वशक्तीची विजेवरची बत्तीस्ता २०१९ साली आली, मालकी मुंबईची, बनते इटलीत. मला याचा अभिमान वाटतो. तरी हिशेबनीस म्हणून सांगतो, मालमत्ता विकत घेणं आणि कसब घरात रुजवणं ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यात आपली शिल्लक चांगली आहे. दुसऱ्यात भरणा अजून बाकी आहे.

आपल्या नातवंडांपैकी कित्येक जण पुण्यात, चेन्नईत गाड्यांच्या कंपन्यांत डिझाइनचं काम करतात. त्यांना हा इतिहास जरूर सांगा. आणि कुणाच्या घरी भोपाळच्या जुन्या हेराल्डचा किंवा फियाटचा फोटो असेल, विशेषतः बॉनेट उघडलेला, तर खाली टाका. गाडीचा नंबर आणि साल आठवत असेल तर तेही लिहा.