चानकीचा हिशेब

आबांच्या जमाखर्चाच्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. लाल कापडाच्या, लांबट, वर दोऱ्याने शिवलेल्या. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू व्हायचं, म्हणून वहीही आखाजीलाच नवी. त्यात सगळं आहे. सालदाराला दिलेले दाणे, बैलांचे नाल, कासरा, वेसण, सरकीची ढेप, पोळ्याला घेतलेला गेरू आणि गोंडे. म्हशीला व्यायच्या वेळी दिलेला गूळसुद्धा आहे. पण आमच्या दारात तेरा वर्षं राहिलेल्या कुत्र्याच्या नावावर त्या वह्यांत एक पैसा नाही. मांजराच्या नावावरही नाही.

मागच्या वर्षी सुरतहून नात आली होती. तिच्या घरी कुत्रा आहे. त्याचं पाकिटातलं खाणं, डॉक्टर, इंजेक्शनं, साबण, असा महिन्याचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. ती वह्या चाळून म्हणाली, "आजोबा, तुमचं बरं होतं. तुम्ही फुकटात पाळायचे."

फुकटात? हा शब्द मला लागला. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं रनाळे नंदुरबार तालुक्यातलं. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधे, ताप्ती व्हॅली रेल्वेच्या वाटेवर. ती लाईन एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस पडली आणि सुरत आम्हाला धुळ्यापेक्षा जवळ वाटू लागलं. माझ्या लहानपणी जिल्हा धुळे होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'पश्चिम खानदेश'च होतं. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, तेव्हाचं ते नाव.

जमीन कोरडवाहू. दादर, कापूस, थोडी मिरची. घरात खाणारी अकरा माणसं. काटकसर हा शब्द आम्ही कधी वापरला नाही, कारण दुसरी रीतच माहीत नव्हती. काडेपेटीची काडी वाचवायला शेजारच्या चुलीतून विस्तव आणायचा. फाटलेल्या लुगड्याची गोधडी, गोधडी फाटली की तिचं पोतेरं. अशा घरात दोन बैल, एक म्हैस, दोन शेळ्या, कुत्रा आणि मांजर होतं. आणि ह्यातलं कोणी जास्तीचं आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

बैल, म्हैस आणि शेळी यांचं समजू शकतो. ती कमावती. मांजरही कमावतं होतं. दादरच्या कणगीला उंदीर लागले तर वर्षाचे दाणे जायचे. त्याला सकाळी म्हशीच्या धारेच्या वेळी नारळाच्या करवंटीत दोन घोट दूध, बाकी त्याचं त्याने शोधायचं. कुत्र्याचं काम रात्रीचं. खळ्यात माल असला की तो तिथेच बसायचा.

आमचा काळू ठेलाऱ्यांच्या वाड्यावरचा. ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन आमच्या भागात फिरतात. पिकं निघाली की शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री आपल्या शेतात बसवतो. लेंडीखत शेताला मिळतं आणि बदल्यात ठेलाऱ्याला दाणे द्यायचे. एका वर्षी मेंढ्या बसवल्या, दाणे मोजून झाले आणि ठेलाऱ्याने उपरण्यातून पिल्लू काढून आबांच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. कुत्रं विकायचं नसतं, असं म्हणाला. वहीत त्या दिवशी दाण्यांची नोंद आहे, पिल्लाची नाही.

मग काळू खायचा काय? मोठी माय, म्हणजे माझी आजी, भाकरी करायला बसायची तेव्हा परातीत शेवटी जो गोळा उरायचा त्याची एक लहान, जाडसर भाकरी थापायची. तिला आम्ही चानकी म्हणतो. काही घरांत ती लहान पोराला देतात. आमच्याकडे ती काळूची. लोक म्हणतील, उरलेल्या पिठाची होती. पण ते पीठ उरत नव्हतं, मोठी माय ते उरवायची. पीठ मळायला घेतानाच ती अकरा माणसांच्या मापावर एक मूठ जास्त टाकायची. सगळ्यांत आधी ती मूठ.

मी एकदा विचारलं होतं, आपल्यालाच पुरत नाही तर कुत्र्याला कशाला? ती चुलीकडे बघतच म्हणाली, "त्याना वाटाना शे तो. आपला नई."

आता म्हातारपणी मी त्या मुठीचा हिशेब मांडून पाहिला. एका मुठीत साठ ग्रॅम पीठ धरा. दोन वेळचं १२० ग्रॅम. वर्षाचे झाले जवळजवळ ४४ किलो. अर्ध्या क्विंटलला थोडंच कमी. तेरा वर्षांचे साडेपाच क्विंटलच्या वर दाणे त्या कुत्र्याने खाल्ले. कोरडवाहू घरात ही रक्कम लहान नाही. बैलाचं तर विचारूच नका. एक बैल दिवसाला निदान सहा किलो कडबा खातो, म्हणजे वर्षाला २२ क्विंटलच्या आसपास. त्यातला बराचसा घरच्या शेतातला, म्हणून तोही वहीत नाही. वहीत फक्त दुकानातून आलेलं लिहिलं जायचं. घरातून गेलेलं कोण लिहितं?

एक खर्च मात्र वहीत आहे आणि तो काळूमुळेच झाला. बाहेरचं पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं, काळू त्याच्याशी झोंबला आणि सोडवायला गेलेल्या माझ्या काकाला चावा बसला. कोणत्या कुत्र्याचा, ते अंधारात कळलं नाही. तेव्हा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस. भारतात ती २००५च्या सुमारास बंद झाली आणि आता दंडातली चार-पाच इंजेक्शनं पुरतात. लस सरकारी दवाखान्यात मिळायची, पण जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा चहा. वहीत चौदा दिवस ओळीने 'दवाखाना' लिहिलं आहे. काळूला दोन महिने खळ्यात साखळीने बांधून ठेवलं. तो वाचला, काकाही वाचला. चार आण्यांची गोष्ट चौदा दिवसांची कशी होते, ते आम्ही तेव्हा पाहिलं. आज मी गावात सांगतो, कुत्रं ठेवा, पण त्याला दरवर्षी रेबीजची लस द्या. काटकसर तिथे करू नका.

मग १९७२ आलं. मी दहा वर्षांचा होतो.

आधीची दोन वर्षं पाऊस ओढलेलाच होता. त्या वर्षी दादर पेरायला ओलच राहिली नाही. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची. घरची मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. साऱ्या महाराष्ट्रात १९७३च्या मे महिन्यात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा आला. कामावर पोरांना सुकडी मिळायची. मीही ओंजळ पुढे करून उभा राहिलोय.

त्या दिवसांत चानकी बंद झाली. मोठ्या मायने परातीत जास्तीची मूठ टाकणं सोडलं. पण काळू मेला नाही. महिनाभराने मला कारण दिसलं. सगळ्यांचं जेवण झालं की मोठी माय ओट्यावर जायची आणि आपल्या भाकरीचा चतकोर पदराखालून काढून त्याच्यापुढे टाकायची. घरातला वाटा संपला होता, म्हणून ती आपल्या वाट्यातून देत होती. आईने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच सुकत चालल्या." मोठी माय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आई काळूला आपल्याबरोबर कामावर नेऊ लागली. तिथे पोरांच्या हातून सांडलेल्या सुकडीवर त्याने ते वर्ष काढलं.

बैलांचं असं होणार नव्हतं. चतकोराने बैल जगत नाही. कडब्याची गंजी दिवाळीआधीच तळाला गेली. आबांनी छपराचं गवत उपसून घातलं, निंबाचा पाला घातला. जुनी माणसं ओट्यावर छप्पन्याच्या गोष्टी सांगू लागली. छप्पन्या म्हणजे विक्रम संवत १९५६चा दुष्काळ, इंग्रजी १८९९-१९००. तेव्हा गुजरात-खानदेशात दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या होत्या. त्या गोष्टी ऐकून आबा उठून जायचे.

दोघांपैकी पवळ्या म्हातारा होता. एका पहाटे आबा त्याला घेऊन निघाले. मोठी माय दारात आडवी झाली नाही. तिने त्याच्या कपाळाला हळद लावली, परातीत पाणी पाजलं आणि आत गेली. संध्याकाळी आबा एकटे आले. हातात कासरा होता. कोणाला दिला, किती आले, कोणी विचारलं नाही. वहीत त्या दिवशी आलेली रक्कम लिहिली आहे, पुढे 'जमा' एवढंच. कशाची, ते लिहिलं नाही. एरवी दोन आण्याच्या खिळ्याचंही नाव लिहिणारा माणूस.

पुढच्या पोळ्याला आमच्या दावणीला एकच बैल होता. शेजाऱ्याचा एक आणि आमचा एक असं औत जोडून पेरणी झाली होती. पुरणपोळीचा घास एकाला देऊन मोठी माय थोडा वेळ रिकाम्या खुंट्यापाशी उभी राहिली.

पवळ्याला विकलं ते चूक होतं का? मी आज पासष्टीच्या घरात हा प्रश्न विचारतो, आणि मला आबांना दोष देता येत नाही. एक बैल गेला म्हणून दुसरा जगला, आणि त्याच्यावर आम्ही जगलो. पण त्या दिवसाने मला एक शिकवलं. जनावर पाळणं म्हणजे चांगल्या दिवसांतला वाटा ठरवणं नाही. वाईट दिवसांत आपण कुठपर्यंत देऊ शकतो, ते आधी ओळखणं. आपल्याकडे म्हण आहे, 'घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं'. लोक ती हसून सांगतात. घोड्याचं काय झालं, ते कोणी सांगत नाही.

आता गावात ट्रॅक्टर आहेत. बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या. आमच्या दावणीच्या जागी मोटारसायकल उभी असते.

नातीला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, पोरी, आम्ही फुकटात पाळत नव्हतो. आमचा खर्च पिठात होता, तुझा बिलात आहे. तुझा मला दिसतो म्हणून मोठा वाटतो. पण दुकानदार सांगेल तेवढं सगळं घ्यायलाच हवं असंही नाही. लस चुकवू नकोस, पोट भरेल एवढं दे, बाकी त्याला तुझा वेळ हवा असतो. आणि दर महिन्याला थोडे पैसे त्याच्या आजारपणासाठी बाजूला टाक. पीठ मळायच्या आधी मूठ टाकायची तसे. महिनाअखेर उरले तर टाकू म्हणशील, तर उरणार नाहीत.

जाताना ती म्हणाली, "आजोबा, वहीत काळूचं नाव मी लिहू का?"

मी नको म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, १९७२ची वही काढली. 'जमा'च्या पुढे जागा होती. तिथे तिच्याकडून 'पवळ्या' लिहून घेतलं.