परसबागेची विद्या

जुबिलीच्या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराची पायाभरणी, एकामागून एक आलेले धर्मगुरु आणि देणगीदारांचीं नांवें यांस पहिला मान असतो व तो योग्यच आहे. आम्हीं मात्र येथें आपल्या घरांच्या मागील दारीं असलेल्या जमिनीच्या लहानशा तुकड्याचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. हा विषय जुबिलीस विसंगत आहे असें कोणास वाटूं नये. जुबिलीची मूळ कल्पनाच जमिनीशीं निगडित आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा जो नियम घालून दिला आहे, त्यांत त्या वर्षीं पेरणी करूं नये, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि प्रत्येकानें आपल्या वतनावर परतावें, अशी योजना आहे. पिंगुळीहून कुडाळकडे जातांना कुलपें लागलेलीं घरें आणि त्यांच्या मागें माजलेलें रान दृष्टीस पडलें म्हणजे हा परतण्याचा नियम आम्हांस वारंवार आठवतो.

पिंगुळीचें नांव देशभर झालें तें येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळें व कळसूत्री बाहुल्यांमुळें. ही कला कोणत्याहि पाठशाळेंत शिकविली जात नव्हती. बापानें ती मुलास दिली, चुलत्यानें पुतण्यास दिली. ती नामशेष होण्याच्या बेतांत असतां परशुराम गंगावणे यांनीं आपल्या घरचा गोठा मोकळा करून तेथें तिचें संग्रहालय मांडलें व येणाऱ्याजाणाऱ्यास ती समजावून देण्याचा उपक्रम चालविला. २०२१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. परसबागेची विद्याहि याच जातीची आहे. ती घराघरांतून चालत आली, आणि घरांतच कोंडून राहिली तर घराबरोबर जाते.

ही विद्या म्हणजे काय, हें तरुण वाचकांकरितां थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. आमच्या भागांत वर्षाचा बहुतेक पाऊस, सुमारें तीन हजार मिलिमीटर, चार महिन्यांत पडून जातो आणि पुढें जांभ्याची जमीन तव्यासारखी तापते. अशा ठिकाणीं बारमाही भाजी करणें सोपें नव्हे. तरी आमच्या आज्या-पणज्यांनीं तें केलें. मिरगाच्या सुमारास पडवळ, दोडकी व काकडी यांच्या बिया टोचून वर मांडव घालावयाचा. भाताची कापणी होऊन शेत मोकळें झालें कीं उरलेल्या ओलीवर मुळा, तांबडी भाजी आणि चवळी करावयाची. न्हाणीचें पाणी वायां न दवडतां केळीस व अळवास सोडावयाचें. किडीवर उपाय म्हणून चुलींतील राख पानांवर भुरभुरावयाची. बियाण्याचें तवसें वेलीवरच पिवळें होऊं द्यावयाचें आणि त्याच्या बिया राखेशेणांत कालवून भिंतीस थापून ठेवावयाच्या, म्हणजे पुढच्या मिरगापर्यंत त्या सुखरूप राहत. यांतली एकहि गोष्ट पुस्तकांतून आलेली नाहीं. विहिरीवर, बाजाराच्या वाटेवर आणि मिस्सा संपल्यावर ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर ती एकीनें दुसरीस सांगितली. आमच्या परसबागेचें पहिलें विद्यालय हेंच होय, आणि त्यांतील शिक्षक बहुतेक स्त्रिया होत्या, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

ख्रिस्तसभेचा या विद्येशीं संबंध फार जुना आहे. सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं आपल्या मठवासीयांकरितां जी नियमावली लिहिली, तिच्या सहासष्टाव्या प्रकरणांत पाणी, पिठाची गिरणी आणि बाग हीं मठाच्या आवारांतच असावीं असें सांगितलें आहे. नवव्या शतकांतील सांक्त गालन येथील मठाचा एक आराखडा आजहि उपलब्ध आहे. त्यांत भाजीपाल्याचे अठरा वाफे व औषधी वनस्पतींचे सोळा वाफे स्वतंत्र आंखलेले असून फळझाडांची बाग चक्क मठाच्या दफनभूमींतच योजिलेली दिसते. आमच्या काळांत असें सुचविणाऱ्या धर्मगुरूची काय गत होईल, तें सांगवत नाहीं!

आपल्यापैकीं पुष्कळ घराण्यांचें मूळ गोव्यांत असल्यामुळें आपल्या परसाचा धागाहि तेथेंच जाऊन पोंचतो. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची, बटाटा यांपैकीं एकहि वस्तु पांचशें वर्षांपूर्वीं कोंकणांत नव्हती. पोर्तुगीज गलबतांतून अमेरिकेकडील हीं रोपें व बीजें आलीं आणि कित्येकांचीं नांवेंहि त्याच भाषेंतून आपल्या तोंडीं बसलीं. आज काजूशिवाय सिंधुदुर्गाची कल्पना करवत नाहीं. परंतु एके काळीं तें झाड कोणा तरी शेजाऱ्यानें शेजाऱ्यास संशयानेंच दाखविलें असेल.

आंब्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. आंबा आपला, पण त्याची कोय लाविली असतां मूळ झाडाचा गुण तसाच्या तसा उतरेल असा भरंवसा नसतो. रायवळ आंब्यांत एक झाड दुसऱ्यासारखें नसतें तें यामुळेंच. कलम बांधण्याची कला गोव्यांत प्रसृत करण्याचें श्रेय सोळाव्या शतकांतील येशूसंघीय धर्मगुरूंकडे जातें. गार्सिया द ओर्त या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत आंब्याचें कौतुक केलेलें आहे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी लिहितो, तेव्हां गोव्याच्या आंब्यांस निरनिराळीं नांवें पडलेलीं आढळतात. त्यांत एक नांव निकोलाव आफोंस याचें आहे, आणि आपल्या हापूसचें मूळ बहुधा तेंच असावें. हापूस हा आफोंस द आल्बुकर्क या सेनापतीच्या नांवावरून आला, अशी कथा सर्वत्र सांगतात. पण आल्बुकर्क १५१५ सालीं मरण पावला; त्या वेळीं येशूसंघाची स्थापनाहि झालेली नव्हती. सेनापतीपेक्षां एका बागायतदाराचें नांव फळास लाभलें, हें आम्हांस अधिक पटतें व अधिक आवडतें. जुन्या पद्धतींत कुंडींतील रोप मातृवृक्षाच्या फांदीशीं नेऊन दोहोंच्या साली तासून एकत्र बांधीत. तिला भेट कलम म्हणतात. असें कलम नुसतें ऐकून साधत नाहीं. ज्याला येतें त्याच्या शेजारीं उभें राहूनच तें शिकावें लागतें.

गोव्यांतील ख्रिस्तमंदिरांनीं परसांतील उत्पन्नास आपल्या सणांतहि स्थान दिलें. तळावली येथील संत आन्नाच्या मंदिरांत जुलैच्या अखेरीस तवशांचें फेस्त होतें व भाविक तेथें काकड्या अर्पण करितात. पावसाळ्यांतील पहिलें फळ वेदीपाशीं आणावयाचें असेल, तर वेल वेळेवर लाविला पाहिजे हें ओघानेंच आलें.

बागायतदारांची रीतसर सभा स्थापन करण्याची कल्पना आपल्या देशांत मूळ धरूं लागली ती एकोणिसाव्या शतकांत. १८२० सालीं विल्यम केरी यांनीं कलकत्त्यास कृषि व उद्यान विषयक संस्था काढली. केरी हे बाप्तिस्त मिशनरी, म्हणजे आमच्या पंथाचे नव्हत; तथापि १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापणारे तेच असल्यामुळें मराठी वाचकांस ते परके नाहींत. या संस्थेंत एतद्देशीय गृहस्थांस केवळ सभासद नव्हे, तर पदाधिकारीहि युरोपियनांच्या बरोबरीनें होतां यावें, असा त्यांनीं आग्रह धरिला. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. पुढें १८३० सालीं पश्चिम हिंदुस्थानाकरितां अशीच संस्था निघाली. पुण्याची एम्प्रेस बाग आजहि तिच्या व्यवस्थेखालीं असून तेथील पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. परंतु बक्षिसें गुलाबास मिळालीं, पडवळास नव्हेत. शहरांतील अशा सभांचा वारा कोंकणांतील परसापर्यंत पोंचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

कोंकणापुरतें बोलावयाचें तर आप्पासाहेब पटवर्धन यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. कोंकणचे गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुरुषानें १९४८ सालीं कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापिला. मैला उघड्यावर टाकूं नये व माणसाकडून माणसाची घाण वाहवूं नये, म्हणून त्यांनीं सोप्या संडासाचे प्रयोग केले आणि त्यांतून होणारें खत शेतास द्यावें असें शिकविलें. स्वतः हातांत खराटा घेऊन त्यांनीं हा पाठ दिला. उच्चवर्णीय माणसानें असें करावें याचें त्या काळीं लोकांस नवल वाटलें, कित्येकांस किळसहि आली. परंतु जमिनीचें तें जमिनीस परत करावें हा त्यांचा सिद्धांत कोणास खोडून काढतां आला नाहीं.

आमच्या मतें मात्र या साऱ्या इतिहासांत आपणांस सर्वांत उपयोगी पडणारें उदाहरण घाटावरचें आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठांत काम केलेले श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे अभ्यासक. त्यांनीं ‘प्रयोग परिवार’ नांवाचें एक जाळें उभें केलें. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत व्याख्याता एक आणि श्रोते शंभर असा प्रकार नव्हता. प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या जमिनींत कांहीं तरी करून पाहावें, पानें व मुळें बारकाईनें न्याहाळावीं, जें दिसलें तें पत्रानें इतरांस कळवावें, आणि मंडळी जमतील तेव्हां फसलेला प्रयोगहि तितक्याच मोकळेपणानें सांगावा. महाराष्ट्रांतील द्राक्षबागायतदारांनीं या रीतीनें मोठें यश मिळविलें. पांच माणसांचें कुटुंब दहा गुंठ्यांवर, म्हणजे पाव एकरावर, सन्मानानें राहूं शकेल असें दाभोळकर हिशेबानें मांडीत. १९८५ सालीं त्यांस जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला व २००१ सालीं ते निवर्तले. मुंबईंत वांद्रे येथें डॉ. रमेश दोशी यांनीं उसाची चिपाडें व घरचा ओला कचरा पिंपांत आणि पिशव्यांत भरून गच्चीवर भाजी व फळें पिकविलीं, आणि २००२ पासून मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीति पाटील यांनीं स्वयंपाकघरांतील कचऱ्यावर बाग फुलविली. ज्यांचीं मुलें मुंबईस आहेत त्यांनीं हें त्यांस अवश्य कळवावें. सिमेंटाच्या गच्चीवर जें होतें तें आपल्या परसांत कां होऊं नये?

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वेंगुर्ल्याचें फळसंशोधन केंद्र १९५७ सालीं व दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं निघालें. वेंगुर्ल्याच्या केंद्रानें काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाति आणि आंब्याची पातळ कोयीची ‘सिंधु’ ही जात दिली. १९९० सालीं फळबागेची योजना रोजगार हमीशीं जोडली गेली आणि कोंकणांतील ओसाड डोंगर कलमांनीं भरून गेले. आज मुळदे येथें, आपल्याच कुडाळ तालुक्यांत, उद्यानविद्येचें महाविद्यालय आहे. या सर्वांचे उपकार मान्य करूनहि एक गोष्ट बोलावीशी वाटते. विक्रीच्या फळास शाळा मिळाली, पण चुलीपाशीं जाणारी भाजी पुष्कळ वर्षें शाळेबाहेरच राहिली. ‘उमेद’ अभियानानें बचत गटांतील भगिनींकरितां पोषण परसबागेचा उपक्रम हातीं घेतला, तेव्हां कोठें ही उणीव भरून येऊं लागली.

मध्यंतरीं आपलें नुकसान व्हावयाचें तें झालेंच. ज्या घरांत पूर्वीं भाजी विकत आणणें कमीपणाचें समजत, त्या घरांत आज बेळगांव-कोल्हापुराकडून ट्रकानें आलेला कोबी शिजतो. माकडांचा उपद्रव वाढला आहे, हें खरें. परंतु जेथें माणसांचा वावर सरला तेथेंच माकडें आधीं शिरलीं. बियाण्याची हानि तर त्याहून मोठी आहे. दुकानांतील संकरित बियाण्याची पुडी पहिल्या वर्षीं भरघोस पीक देते. पण त्या पिकाचें बीं धरून पुन्हां पेरलें असतां गुण विखुरतात. याचें कारण ज्यानें शोधून काढलें तो आपलाच एक धर्मबंधु होता. ग्रेगोर मेंडेल या अगस्तीन संघाच्या धर्मगुरूनें बर्नो येथील मठाच्या बागेंत १८५६ ते १८६३ पर्यंत वाटाण्याचीं हजारों झाडें तपासून आनुवंशिकतेचे नियम मांडले. १८६५ सालीं त्यानें तो निबंध तेथील विद्वानांच्या सभेपुढें वाचला. त्याचें महत्त्व कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं, आणि १९०० सालापर्यंत तो तसाच पडून राहिला. भिंतीस शेणांत थापलेलें तवशाचें बीं दरवर्षीं जवळजवळ तसेंच फळ देत असे, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवडून तें स्थिरावलेलें होतें. तें एकदां संपलें म्हणजे कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

म्हणून या जुबिलीच्या वर्षीं धर्मग्रामांत परसबागेची मासिक बैठक सुरू करावी असें आम्हीं ठरविलें आहे. ती सभागृहांत भरणार नाहीं. दर महिन्याच्या एका रविवारीं, मिस्सेनंतर, कोणाच्या तरी परसांतच भरेल. व्याख्यानें नकोत. ज्या घरीं बैठक असेल त्या घरच्या वडील बाईनें आपली जमीन फिरून दाखवावी आणि विचारलेल्या प्रश्नांस उत्तरें द्यावीं. मुळद्याच्या किंवा वेंगुर्ल्याच्या तज्ज्ञांस रोगराईसंबंधीं कांहीं अडलें तर बोलवावें. बैठक सर्व गांवाकरितां खुली राहील, कारण पूर्वीं बीं मागतांना कोणी धर्म विचारीत नसे. येतांना प्रत्येक कुटुंबानें घरचें एक तरी जुनें बियाणें कापडाच्या पुरचुंडींत बांधून, त्यावर नांव व तें कोणाकडून आलें तें लिहून आणावें. मुंबईस असलेल्या मंडळींनीं मे महिन्यांत गांवीं याल तेव्हां आपल्या आईकडे वा आजीकडे चौकशी करावी; कित्येक घरांत सांगणारें आतां एकच माणूस उरलें आहे. पहिली बैठक मिरगाच्या आधींच्या रविवारीं होईल, आणि त्या दिवशीं पडवळाचा मांडव कसा घालावा हा विषय राहील.