विंचवाचं बिऱ्हाड

परवा नातीचा फोन आला. "आजी, या वेळी मोठी बॅग आणू नकोस. केबिनमध्ये चालेल अशी पाठीवरची सॅक घे. सामानाच्या पट्ट्यापाशी तासभर ताटकळायला नको." मी म्हटलं, "अगं, या वयात पाठीवर सॅक? लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत!" फोन ठेवला आणि वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? आपली माणसं पिढ्यानपिढ्या हेच तर करत आली.

जुन्या मराठीत प्रवासाच्या सामानाला किती शब्द आहेत बघा. पडशी, पोतडी, बोचकं, वळकटी, खुर्जी, कसा. पडशी म्हणजे मधे तोंड असलेली दुहेरी पिशवी. खांद्यावर टाकली की एक कप्पा पोटाशी, दुसरा पाठीशी, वजन दोन्हीकडे सारखं. खुर्जी तशीच, पण घोड्याच्या पाठीवरची. कसा म्हणजे कमरेला बांधायची पैशांची लांबट पिशवी. या यादीचे सरळ दोन भाग पडतात. वळकटी, बोचकं हे बैलावर, गाडीत किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं. पडशी आणि कसा मात्र अंगावरच ठेवायचा. काय दुसऱ्याच्या हाती सोपवायचं आणि काय अंगावर ठेवायचं, हा प्रश्न विमानांच्या कितीतरी आधीचा आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं. १८५७ साली दक्षिणा मिळवायला ते काकांबरोबर उत्तरेत गेले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. झाशीच्या वेढ्यात होते. मिळवलेलं द्रव्य लुटीत गेलं, तेही एकदा नव्हे. पण परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावर घेतली, कोकणापर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. हा सगळा वृत्तान्त त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात आहे. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. पैसा गेला, पाणी पोहोचलं. मला तरी प्रवासाच्या सामानावर याहून मोठा धडा माहीत नाही.

आता आमच्या भागाकडे येते. पुण्याहून रेल्वे दौंडला आली १८५८ मध्ये. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेने सामानाला जणू पाय फुटले. पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा, असा सरंजाम घेऊन माणसं निघू लागली, कारण तो उचलायला लाल डगल्यातला हमाल होता. शिरूरला मात्र आजही रेल्वे नाही. तिथला आधार म्हणजे एसटी. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली, ती शिरूरवरूनच जाणाऱ्या रस्त्याने. सामान टपावर चढवायचं आणि उतरेपर्यंत वर कान लावून बसायचं. पैशांचा बटवा तेवढा कमरेला!

आषाढीच्या वाटेवरही हेच दिसतं. तुकोबांच्या पालखीची प्रथा त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. ही पालखी दौंड तालुक्यात यवत, वरवंडला मुक्काम करते. तंबू, अंथरूण, भांडी दिंडीच्या ट्रकात जातात. वारकऱ्याच्या अंगावर उरते ती एक पिशवी, हातात टाळ, गळ्यात माळ. बाईच्या डोक्यावर तुळस. तुळस काही कोणी ट्रकात टाकत नाही.

बाहेरच्या जगात सामानाला चाकं लागली ती फार उशिरा. चाकांच्या सूटकेसचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर! ती दोरीने ओढायची असे. आजची दोन चाकांची उभी बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने काढली. पाठीवरच्या सॅकचं श्रेय बरंचसं डिक केल्टी यांना देतात. १९५२ पासून ते ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक करून विकू लागले, आणि कमरेचा पट्टा लावून त्यांनी ओझं खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर आणलं. हंडा कमरेवर घेणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

असो. नातीच्या हुकमाप्रमाणे दुकानात गेले, चार सॅक पाठीवर चढवून पाहिल्या. तुमच्यापैकी कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते. आपल्याकडच्या विमानांत साध्या वर्गाला केबिनमध्ये बहुधा ७ किलो चालतात आणि माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. कंपनीगणिक थोडा फरक असतो, तिकीट वाचावं. म्हणून रिकामी सॅकच दोन किलोंची असेल तर ती तिथेच ठेवून द्या, एक-सव्वा किलोची बघा. माप आपल्या उंचीवर नको, पाठीवर घ्या: मान वाकवल्यावर लागणारं हाड ते कमरेच्या हाडाची वरची कड. सूटकेससारखी पूर्ण उघडणारी असावी, नाहीतर तळातल्या औषधासाठी सगळा संसार बाहेर काढावा लागतो. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, तेव्हा आत पाच-सहा किलो वजन घालून दहा मिनिटं चाला. पॉवर बँक केबिनमध्येच लागते, खाली द्यायच्या बॅगेत चालत नाही. आणि २००६ मध्ये लंडनला विमानं उडवण्याचा कट उघड झाल्यापासून परदेशी विमानांत पातळ पदार्थांवर बंधनं आली. बहुतेक ठिकाणी अजून १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. तूप, लोणचं यांना त्यांच्या लेखी पातळच समजा. मेतकूट खुशाल न्या.

पण आत काय ठेवायचं, हे मला दुकानदाराने नाही, एका मुलाने शिकवलं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी दौंड तालुक्यातल्या शाळेत होते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येत, आणि त्यांच्यातली दोन-चार मुलं वर्गात मागे येऊन बसत. आम्ही शिक्षक आपसांत म्हणायचो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्यातला एक खताच्या पोत्याची पिशवी पाठीला दोरीने बांधून यायचा. वह्या कधीच नसायच्या. एकदा चिडून मी ती पिशवी टेबलावर उपडी केली. फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, धाकट्या बहिणीचा झबला, आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला गावच्या शाळेचा दाखला. "खोपीत ठेवला तर भिजंल, बाई. बा म्हनला ह्यो हरवला तर साळा न्हाई."

बाकी सगळा वर्ग बघत होता. मी वस्तू एकेक करून परत भरल्या. दाखला शेवटी ठेवायला गेले तर तो म्हणाला, "त्यो तळाला, बाई." फाल्गुनात टोळी गेली. पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. ती म्हण मात्र मी शिक्षकांच्या खोलीत परत कधी उच्चारली नाही.

आपण आता कमी सामानात फिरणं हौसेने शिकतो. त्याच्याकडे तेवढंच होतं. हा फरक विसरू नये. पण काय अंगावेगळं करायचं नाही, हे त्याला आठ-नऊ वर्षांचा असताना कळत होतं.

सॅक घेतली, निळी. भरायला बसले ती उलट्या क्रमाने. पासपोर्ट, औषधं, चष्मा, आणि यांचं शेवटचं पत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत. हे सगळं तळाला, पाठीच्या बाजूला. मग वर कपडे. वजन केलं तर सहा किलो दोनशे ग्रॅम. उरलेल्या आठशे ग्रॅममध्ये मेतकूट बसतं का बघते.