फैजपूर, हरिपुरा आणि संविधानाची हस्तलिखित प्रत : नंदलाल बोस यांच्या चित्रांतील राष्ट्र

प्रस्तावना

कला ही समाजाचा आरसा आहे, असे विधान वारंवार केले जाते. त्यात तथ्य असले तरी इतिहासाच्या अभ्यासकाला ते पुरेसे नाही. आरसा समोर असेल ते सर्वच दाखवतो. चित्रकार मात्र निवड करतो, आणि चित्र जेव्हा एखाद्या चळवळीसाठी किंवा शासनसंस्थेसाठी काढले जाते, तेव्हा ती निवड केवळ त्याची एकट्याची राहत नाही. राष्ट्राने स्वतःला कोणत्या रूपात पाहावयाचे ठरविले, याची ती नोंद असते. ही नोंद काळानुसार कशी बदलते, हे नंदलाल बोस (१८८२-१९६६) यांच्या दोन चित्रमालिकांतून स्पष्टपणे दिसते. पहिली १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी काढलेली भित्तिपत्रके आणि दुसरी भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट. कल्पक एकच असूनही या दोन्हींत उभे राहणारे राष्ट्र मात्र वेगवेगळे आहे. प्रस्तुत लेखात या फरकाचा विचार केला आहे.

अजिंठ्याचा वाटा

नंदलाल बोस हे अवनींद्रनाथ टागोर यांचे शिष्य होत. वंगभंगाच्या वर्षी, १९०५ मध्ये, अवनींद्रनाथांनी 'भारतमाता' हे चित्र काढले. ग्रंथ, धान्याची लोंबी, वस्त्र व जपमाळ हाती घेतलेली ही भगवी वस्त्रे ल्यालेली चतुर्भुज स्त्री म्हणजे राष्ट्राला दिलेले दैवी रूप होते. बंगालमधील या नव्या कलाविचाराने पाश्चात्त्य तैलचित्रणाची वाट सोडून मुघल लघुचित्रे, जपानी जलरंगपद्धती आणि अजिंठा यांकडे मोर्चा वळविला. त्यामागे राजा रविवर्मा यांच्या पद्धतीविषयीची नापसंतीही होती. ती कित्येकदा अन्यायकारक ठरली, हे आज मान्य करावयास हवे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्याने देवादिकांची चित्रे सामान्यांच्या घरात नेली आणि देशभर एक समान दृश्यभाषा रुजविली. हे कार्य कलकत्त्याच्या कोणत्याही चित्रकाराला साधले नव्हते.

१९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम झाले. त्यात असितकुमार हालदार, व्यंकटप्पा आदींबरोबर नंदलालही सहभागी होते. तत्पूर्वी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात हेच काम केले होते. एकाच लेण्यांतून मुंबईचे विद्यार्थी तपशील व नोंद घेऊन परतले, तर नंदलाल लयबद्ध रेषा आणि सपाट भिंतीवर माणसांचा समूह बसविण्याची रीत घेऊन परतले. पुढे कलाभवनात, म्हणजे शांतिनिकेतनच्या कलाशाळेत, १९२२ पासून सुमारे तीन दशके प्रमुख म्हणून काम करताना त्यांनी भित्तिचित्रणावर जो भर दिला, त्याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

फैजपूर व हरिपुरा

महात्मा गांधींनी काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरविण्याचा आग्रह धरला आणि डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आदी स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार कष्ट उपसले. मंडप, प्रवेशद्वारे व प्रदर्शन यांची रचना नंदलालांकडे सोपविण्यात आली होती. बांबू, माती, गवत, चटया असे जे साहित्य परिसरात सहज मिळेल, त्यातूनच 'टिळकनगर' उभे राहिले. महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासात फैजपूरची दखल शेतकऱ्यांसंबंधीच्या कृषिविषयक कार्यक्रमामुळे घेतली जाते. कलेच्या इतिहासातही या अधिवेशनाचे स्थान तितकेच मोठे आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. राष्ट्रीय संस्थेचे रूप हे त्या गावाच्या साहित्यातून घडू शकते, असा प्रत्यय येथे प्रथमच आला. खेड्यातील कारागिरांचे हात कामाला लागले आणि मंडप उतरविल्यावर ते साहित्य पुन्हा उपयोगात आणण्याजोगे होते. गांधींच्या अर्थविचाराचे दृश्यरूप यापेक्षा नेमके कोणते असू शकेल?

त्यानंतरचे हरिपुरा अधिवेशन सुरत जिल्ह्यात तापीकाठी फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी नंदलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० भित्तिपत्रके तयार केली. त्यांतील ८० हून अधिक नंदलालांच्या स्वतःच्या हातची आहेत. हातकागद, मातीचे व खनिज रंग, जाड वेगवान रेषा आणि आकृतीभोवती कमान अशी त्यांची घडण आहे. विषय पाहिले तर ढोलकी वाजविणारा, शिंपी, कुंभार, चर्मकार, शिकारी, मल्ल, बैल आवरणारा गडी, स्वयंपाक करणारी व मुलाला खेळविणारी स्त्री असे आढळतात. देवता, राजा, पुढारी यांपैकी कोणीही येथे प्रमुख नाही. ही पत्रके दालनात टांगलेली नव्हती. ती प्रवेशद्वारांवर व मंडपांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेला पडतील अशी लावली होती.

या चित्रांतील कमान हा तपशील मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. मंदिरात कमानीच्या कोनाड्यात मूर्ती असते. नंदलालांनी त्या जागी चर्मकार व ढोलकीवाला बसविला. अवनींद्रनाथांच्या चित्रात राष्ट्र देवतारूपाने प्रकटले होते. हरिपुऱ्यात ते काम करणाऱ्या देहांच्या रूपाने प्रकटते. अर्थात या चित्रांत भूक, कर्ज, अस्पृश्यता यांचा मागमूस नाही. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची रेखाटने करणाऱ्या चित्तप्रसाद यांच्या शेतकऱ्याशेजारी हरिपुऱ्याचा शेतकरी ठेवल्यास तो काहीसा सुखी वाटेल. परंतु प्रतिष्ठा देणे हाच या चित्रांचा हेतू होता, आणि तो सफल झाला आहे.

संविधानाची हस्तलिखित प्रत

अकरा वर्षांनंतर परिस्थिती पूर्णतः पालटली होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले आणि २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी हस्तलिखित प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या. इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे, तर हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांचे आहे. सजावटीची योजना नंदलालांची होती. प्रत्यक्ष कामात त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांचे हात होते. उद्देशिकेचे पान जबलपूरच्या व्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजविले, तर सिंहमुद्रेचे काम दीनानाथ भार्गव यांच्याकडे होते. मूळ संविधानाचे २२ भाग असल्याने प्रत्येक भागाच्या आरंभी एक याप्रमाणे २२ चित्रे योजली गेली.

हा क्रम मोहेंजोदडोच्या वृषभमुद्रेपासून सुरू होतो. पुढे वैदिक आश्रम, रामायण, महाभारत, बुद्ध, महावीर, अशोक, गुप्तकालीन कला, विक्रमादित्याची सभा, नालंदा, नटराज, महाबलिपुरम हे टप्पे येतात. त्यानंतर अकबर, मग शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंग एकत्र, टिपू सुलतान व राणी लक्ष्मीबाई एकत्र, दांडीयात्रा, नोआखालीतील गांधी, सुभाषचंद्र बोस आणि अखेरीस हिमालय, वाळवंट व सागर अशी मांडणी आहे. हा सारा क्रम स्थूलमानाने कालक्रमच आहे. मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागावर राम-सीता-लक्ष्मण असल्याचा किंवा निवडणुकांच्या पंधराव्या भागावर शिवाजी महाराज असल्याचा गूढ अर्थ लावण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि चित्रांची रांग काळाप्रमाणे चालते आणि भागांची रांग कायद्याच्या तर्काप्रमाणे. दोन्ही ज्या ठिकाणी एकमेकींना भेटतात तो बहुतांशी योगायोग होय. चित्रांचा अर्थ संपूर्ण मालिकेत आहे, सुट्या पानात नाही.

मालिका म्हणून पाहता हे एका सलग, प्राचीन आणि अनेकधर्मीय संस्कृतीचे चित्र आहे. फाळणीच्या जखमा ताज्या असताना अकबराचे पान आले, आणि टिपू व लक्ष्मीबाई एकाच चौकटीत आले, हे लहान धाडस नव्हते. नोआखालीचे पान तर राष्ट्राच्या सर्वोच्च दस्तऐवजात दंग्यांच्या आठवणीला दिलेली जागा आहे. शासकीय कलेत पराभवाची किंवा दुःखाची आठवण क्वचितच टिकते. येथे ती टिकली.

गाळलेले शतक

परंतु काय गाळले गेले, हेही पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंनंतर मालिका थेट १९३० च्या दांडीयात्रेवर येते. राममोहन रॉय, महात्मा फुले, न्यायमूर्ती रानडे, काँग्रेसची स्थापना, टिळक, वंगभंगाची चळवळ यांपैकी काहीही या पानांत नाही. ज्या चळवळीतून नंदलालांची स्वतःची कला जन्मली, ती स्वदेशीची चळवळही नाही. वस्तुतः संविधानातील समता, अस्पृश्यतानिर्मूलन, धर्मस्वातंत्र्य या कल्पना याच गाळलेल्या शतकातील वादविवादांतून घडल्या. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ ज्या ग्रंथात आहे, त्याच्या चित्रमालिकेत जातिसंघर्षाचे एकही पान नसावे, ही विसंगती महाराष्ट्रातील वाचकाला विशेषत्वाने जाणवेल. मजकूर भविष्याकडे पाहतो आणि चित्रे भूतकाळाचे गौरवगान करतात. एकाच पानावर दोन इतिहासदृष्टी नांदताना दिसतात.

दुसरी अनुपस्थिती अधिक बोलकी आहे. हरिपुऱ्याचा शिंपी, कुंभार व चर्मकार या पानांवर प्रमुख म्हणून येत नाहीत. ज्या कमानीत श्रमिक बसला होता, तेथे पुन्हा राजे, संत व नेते आले. यास चित्रकाराची माघार म्हणणे घाईचे ठरेल. हरिपुऱ्यात सत्ता मिळवावयाची होती, म्हणून लोकांना 'तुम्हीच राष्ट्र आहात' असे सांगणे आवश्यक होते. १९५० मध्ये सत्ता हाती आली होती आणि नव्या राज्यसंस्थेला वंशावळ हवी होती. वंशावळीत कुंभाराचे नाव लिहिण्याची प्रथा नव्हती.

त्याच काळात मुंबईत वेगळे वारे वाहत होते. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला आणि १९४९ मध्ये आपले प्रदर्शन भरविले. त्यांना बंगालचा पुनरुज्जीवनवाद नको होता आणि कलाशाळेतील ब्रिटिश धाटणीही नको होती. गोव्यात जन्मलेले सूझा, नागपूरकडील रझा व गाडे, पंढरपूरचे हुसेन, हैदराबादकडून आलेले आरा यांच्या कॅनव्हासवर राष्ट्राची वंशावळ नव्हती, होता तो स्वतंत्र व्यक्तीचा उद्गार. शांतिनिकेतनात हस्तलिखिताच्या कडा सोन्याने रंगविल्या जात असताना मुंबईत हे घडत होते. पुढील अनेक दशके आधुनिक भारतीय चित्रकला म्हणजे मुंबईचा हा गट, अशीच समजूत रूढ राहिली आणि हरिपुऱ्याची पत्रके अधिवेशनाची शोभा एवढ्याच कारणाने स्मरणात उरली.

संविधानाची मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात हेलियम वायूने भरलेल्या पेटीत जतन करण्यात आली. २०१९ मध्ये, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनातील भारताच्या दालनात देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या कलाकृतींत नंदलालांची चित्रे होती. ती संविधानाच्या पानांवरील नव्हती, हरिपुऱ्याच्या मंडपासाठी काढलेली होती.